भिंतीलाही टाके हवेत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण कुणी पदार्थ सांगते, कुणी भजन म्हणते, कुणी मुलांच्या संगोपनाविषयी चार शब्द बोलते. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे. मी त्यांना म्हटले, "बाई, मी सातवी शिकलेली. भाषण मला कसे जमायचे?" त्या म्हणाल्या, "भाषण नको. तुम्ही धडधाकट दिसणारी भिंत फोडून पुन्हा बांधलीत. सगळा गाव हसला. ते का केलेत, एवढेच सांगा." तेवढेच सांगते. पण ते सांगायचे तर मला माझ्या माहेरापासून सुरुवात केली पाहिजे.

माझे माहेर औसा तालुक्यातले, किल्लारीपासून दोन कोसांवरचे. १९९२ च्या ऑक्टोबरात त्या बाजूला धक्के बसू लागले. मांडणीवरची भांडी वाजायची, जमिनीच्या पोटातून गुरगुर ऐकू यायची. माणसे भिऊन रानात निजू लागली. पुढे धक्के कमी झाले, थंडी आली, पाऊस आला आणि माणसे पुन्हा घरात निजू लागली. भीतीसुद्धा अंगवळणी पडते, भगिनींनो. फक्त माझी आजी तेवढी अंगणात अंथरूण घालीत असे. "या माळवदाखाली मला झोप येत नाही," असे ती म्हणायची.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा घरी आली. आजीने नेहमीप्रमाणे अंगणात वाकळ टाकली, तेव्हा वडील तिला म्हणाले, "अगं, वरीस झालं गुरगुरतंय. आजवर काय झालं का? आभाळ आलंय, भिजशील. आत नीज." आजी उठून आत आली आणि भिंतीला लागून निजली.

पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना तो धक्का बसला. मला आठवतो तो आवाज, आणि मग तोंडात भरलेली माती. मिनिटभराच्या आत सारे संपले होते. मी मधल्या खणात निजले होते. तिथले लाकडी खांब तिरके झाले, पण तुळई खाली आली नाही, म्हणून मी आज आपल्यापुढे उभी आहे. आईच्या पायावर भिंत पडली. आजी आम्हाला दुपारी सापडली. वडील पुढे वीस वर्षे जगले, पण आपल्या त्या शब्दांवाचून दुसरे काही त्यांच्या मनात राहिले नाही.

त्या धक्क्याने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. धक्का ६.२ तीव्रतेचा होता. मी तेव्हा सातवीत होते. वार्षिक परीक्षा पत्र्याच्या शेडमध्ये दिली. आईचा पाय अधू झाला, घर माझ्या अंगावर आले आणि माझी शाळा तिथेच संपली.

आता एक गोष्ट सांगते, ती नीट ऐका. आमचा वाडा पणजोबांनी बांधलेला. भिंती तीन-तीन फूट रुंद. दरोडेखोर पहारीने खणू लागला तरी रात्र पुरायची नाही, अशी त्यांची कीर्ती. तो वाडा जमीनदोस्त झाला. आणि वाड्याच्या मागे आमच्या सालगड्याचे कुडाचे छप्पर होते. चार मेढी, वर गवत. ते जागच्या जागी उभे राहिले. त्याची चारही लेकरे उठून आमचा ढिगारा उपसायला धावत आली. तेव्हा आमच्याकडे माणसे म्हणत, ज्याचा वाडा मोठा, त्याचा ढिगारा मोठा.

त्यानंतर कितीतरी वर्षे आमच्या भागात दगड म्हणजे वैरी झाला. माणसे उन्हाळ्यात पत्र्याखाली भाजून निघत, पण दगडाच्या घरात पाऊल टाकीत नसत. माझीही तीच गत होती. १९९९ साली लग्न होऊन मी या गावात आले, तेव्हा सासरचे घर दगडाचे पाहून माझे पायच उचलेनात. त्या भिंतींवर जागोजागी सिमेंटचे गोल ठिपके होते, भिंतीला देवी येऊन गेल्यासारखे. खिडक्या-दारांच्या वरून सगळ्या घराला सिमेंटचा एक वीतभर रुंद पट्टा फिरवलेला होता.

माझ्या सासूबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. पण मी रात्री निजत नाही हे त्यांनी ओळखले. एके दिवशी वाकळ शिवायला बसलो असताना त्यांनी माझ्या हातातली सुई थांबवली आणि विचारले, "पोरी, वाकळीला दोरा का घालायचा?" मी म्हटले, "न घातला तर आतल्या चिंध्या एका बाजूला गोळा होतील आणि वरचे लुगडे नि खालचे लुगडे सुटे होईल." त्या म्हणाल्या, "मग भिंतीचंही तसंच असतंय."

आणि मग त्यांनी मला जे सांगितले, ते मी कुठल्याही पुस्तकात शिकले नसते. आपल्याकडची जुनी रुंद भिंत ही दिसायला एक, पण खरी दोन असते. बाहेरून एक दगडी थर, आतून एक दगडी थर, आणि मध्ये गोट्यांचा व मातीचा भराव. भार वरून सरळ खाली येतो तोवर ती शंभर वर्षे उभी राहते. पण भूकंपात जमीन आडवी हलते. मग मधला भराव खाली बसत जातो आणि दोन्ही थरांना बाहेर रेटतो. भिंतीचे पोट फुगते, एक थर अंगणात पडतो आणि दुसरा निजलेल्या माणसांवर. वर माळवदाची दीड-दोन फूट माती असते, ती मागोमाग येते. रुंद भिंत म्हणजे भक्कम भिंत, हा आपल्या वाडवडिलांचा समज होता. दोन थर एकमेकांना बांधलेले नसतील तर रुंदीने नुसता भार वाढतो. कुडाच्या छपराला तो भारच नव्हता.

भिंतीला टाका घालायचा म्हणजे दोन्ही थरांतून आरपार जाणारा लांब दगड बसवायचा. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर एक. जुन्या भिंतीत तो बसवता येत नाही, म्हणून हळूच एकेक दगड काढून आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचे. माझ्या सासरच्या भिंतीवरचे ते ठिपके म्हणजे हे टाके होते. आणि वरचा पट्टा काय करतो? बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असते ना? धाव नसेल तर चाकाचे तुकडे पहिल्याच खड्ड्यात सुटे होतील. तसा हा पट्टा चारही भिंतींना एकत्र आवळून धरतो. एक भिंत पडू लागली की उरलेल्या तिघी तिला ओढून धरतात. एकत्र कुटुंबासारखेच म्हणा! (हशा)

सासूबाईंना हे कुठून कळले? भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, हे आपण जाणतोच. पण आपल्या गावासारखी हजारो गावे अशी होती, की जिथे भिंतींना भेगा गेल्या होत्या पण घरे उभी होती. त्या घरांच्या दुरुस्तीसाठी आणि मजबुतीसाठी सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून मोठी योजना काढली. काम घरमालकाने स्वतः करून घ्यायचे होते. तेव्हा 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहाय्यक' म्हणून नेमले. ज्या बायका तोवर चावडीवर पदर सावरून कोपऱ्यात उभ्या राहत, त्या घरोघर जाऊन सळई किती जाडीची, वाळू कशी हवी, हे सांगू लागल्या. माझ्या सासूबाई त्यांतल्या एक होत्या. गवंडी प्रथम हसत. त्यांना अक्षर वाचता येत नव्हते, पण हातातल्या दोरीला गाठी मारून त्या मापे घेत. एका गवंड्याने पट्ट्यात सळई न घालताच वर गिलावा केला, तर त्यांनी तो ओला गिलावा आपल्या हाताने खरवडून काढला, असे गावात अजून सांगतात.

त्यानंतर मला त्या घरात झोप येऊ लागली. दगडाचा दोष नव्हता, ही गोष्ट मला तिथे पटली. दगड निर्दोष ठरला की माणसाची जबाबदारी सुरू होते, एवढे मात्र मला तेव्हा उमगले नाही. त्याचीच आता कबुली देते.

सासूबाई वारल्यानंतर चार वर्षांनी, २०१७ साली, थोरल्याने घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान काढायचे ठरवले. रस्त्याच्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, आठ फुटांचे शटर बसवायचे होते. गवंडी म्हणाला, वरचा सिमेंटचा पट्टा आडवा येतो, तेवढा तोडावा लागेल. यांनी माझ्याकडे पाहिले. घरात त्या पट्ट्याची गोष्ट ठाऊक असलेली मीच होते. आणि मी काय केले? मी म्हटले, "तोडा." दुकान चालावे, मुलगा मार्गी लागावा, एवढेच मला दिसत होते. मजुरांना चहा मीच करून दिला. सासूबाईंनी ज्या पट्ट्यासाठी हाताची कातडी सोलवटून घेतली होती, तो माझ्या देखत दोन तासांत तोडला. आपणांपैकी बहुतेक जणींनी त्या दुकानातून साबण-साखर नेली आहे. आपण सर्व जणी त्या तुटलेल्या कोपऱ्याखाली उभ्या राहिला आहात, म्हणून मला आपली माफी मागितली पाहिजे.

सात वर्षे काही झाले नाही. मग २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. माझी मुलगी नांदेडला असते. तिचा फोन आला, "आई, पलंग हलला गं." तिला धीर दिला, फोन ठेवला आणि मी दुकानात जाऊन वर पाहिले. जिथे पट्टा तोडला होता तिथून कोपऱ्याकडे एक तिरपी भेग गेलेली होती. ती आताची की जुनी, देव जाणे. सात वर्षांत मी मान वर करून पाहिलेच नव्हते.

मी मुलाला म्हटले, हे शटर काढायचे. तो चिडला. म्हणाला, "आई, सात वर्षं झाली. आजवर काय झालं का?"

भगिनींनो, हेच शब्द मी लहानपणी ऐकले होते. तोच सूर, तोच वैताग. त्याच्या आजोबांचे शब्द त्याला कुणी शिकवले नव्हते. मी दुकानात मटकन खाली बसले आणि त्याला त्याच्या पणजीची हकीकत सांगितली. इतकी वर्षे मी ती मुलांना सांगितलीच नव्हती. दुःखाच्या गोष्टी कशाला उगाळा, असे वाटे. पण न सांगितल्यामुळे माझ्या घरातला शहाणपणाही माझ्याबरोबर गप्प बसला होता. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच तालुक्याहून इंजिनिअरला घेऊन आला.

मग काय केले ते सांगते. आधी लाकडी ठेपे देऊन छत तोलून धरले. कोपरा सिमेंटमध्ये दगड बांधून भरून काढला, त्यात आरपार दगड घातले. शटरच्या जागी चार फुटांचे दार केले, तेही कोपऱ्यापासून दूर. जुन्या पट्ट्यातल्या सळया दोन-दोन फूट उघड्या करून त्यांच्याशी नव्या सळया जोडल्या आणि पट्टा पुन्हा अखंड केला. माळवदावरची जास्तीची माती उतरवली. माझी भिशीची रक्कम त्यात गेली. गाव हसला, ते खरे आहे. दुकान मात्र चार फुटांच्या दारातूनही तेवढेच चालते.

आता कुणी म्हणेल, भूकंप म्हणजे देवाची करणी, त्यापुढे माणसाचे काय चालणार? आजी म्हणायची, शेषनाग डोके हलवतो. आज जाणकार सांगतात, की आपली भारताची भूमी दरवर्षी काही सेंटीमीटर उत्तरेकडे सरकत आहे. त्या रेट्याने खडकांत ताण साठत जातो आणि खोलवरच्या जुन्या भेगांत तो एकाएकी मोकळा होतो. १९९३ साली सरकारी नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला असाच मोठा धक्का बसला होता. तिथे धरणातील पाण्याचा संबंध आहे असे शास्त्रज्ञांनी दाखवले, आणि लहान धक्के तिथे पुढेही बसत राहिले. धक्का केव्हा बसणार, हे आजही कुणाला आधी सांगता येत नाही. ते आपल्या हाती नाही.

पण आपल्या हाती काय आहे? माझ्या धाकट्याने मला एक वाचून दाखवले. २०१० च्या फेब्रुवारीत दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. आमच्या किल्लारीच्या धक्क्यापेक्षा त्याची शक्ती काही हजार पट होती. तिथे समुद्राच्या लाटा उसळल्या त्याही धरून सुमारे सव्वापाचशे माणसे गेली. आमच्याकडे कित्येक हजार गेली. त्या देशात धक्के वारंवार बसतात, म्हणून घर कसे बांधावे याचे कडक नियम आहेत आणि ते पाळले जातात. हे ऐकून मी त्या रात्री पुष्कळ रडले. आजी म्हातारी होती, आज ना उद्या गेलीच असती. पण भिंतीत चार टाके असते तर ती त्या रात्री गेली नसती.

सिमेंटच्या घरात राहणाऱ्या भगिनींना वाटेल, आम्हाला धोका नाही. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भुजजवळ भूकंप झाला, तेव्हा तिथून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत अनेक मजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या पुष्कळ इमारतींना खाली गाड्यांसाठी मोकळी जागा होती. वर सगळ्या मजल्यांना विटांच्या भिंती, खाली नुसते खांब. धक्क्यात वरचा भाग पेटीसारखा एकसंध हलतो आणि सारा ताण त्या उघड्या खांबांवर येतो. डोक्यावर पाण्याचे तीन हंडे घेतलेल्या बाईच्या गुडघ्याला धक्का द्यावा, तसे होते. म्हणून मुलीने नांदेडला घर बदलायचे म्हटले, तेव्हा मी संगमरवरी ओटा किती मोठा हे विचारले नाही. खालच्या खांबांचा हिशेब इंजिनिअरने भूकंप धरून केला आहे का, तसा कागद आहे का, हे आधी विचार, असे तिला सांगितले. बिल्डर तिला म्हणाला, असे विचारणारी तूच पहिली. त्याच्याकडे कागद नव्हता. तिने ते घर घेतले नाही.

आता थोडक्यात कामाच्या गोष्टी सांगते, त्या ध्यानात ठेवाव्यात.

घर बांधताना जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सळईचा अखंड पट्टा घ्यावा. कोपऱ्यात आणि दाराच्या दोन्ही बाजूंना उभी सळई ठेवावी. दार-खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब असावी. दगडी भिंतीत आरपार दगड घातल्याशिवाय थर वर जाऊ देऊ नये. खांबाच्या सळईभोवती ज्या रिंगा असतात, त्यांची टोके आत वळवलेली आहेत का पाहावे. नुसती टेकवलेली रिंग धक्क्यात उघडते, सैल झालेल्या कुड्यासारखी. काँक्रीटमध्ये कालवायला सोपे जावे म्हणून गवंडी पाणी वाढवतो, ते वाढवू देऊ नये. पण काम झाल्यावर त्यावर निदान सात दिवस भरपूर पाणी मारावे. जुन्या घराला नवी खोली जोडताना ती कशीतरी चिकटवू नये, जाणत्याला विचारावे.

आणि घर बांधायचे नसले तरी निजण्याची जागा तर आपल्याच हाती आहे. उशाशी जड फडताळ किंवा उतरंड नको. कपाट भिंतीला आवळून टाकावे. बाहेरची वाट रात्री मोकळी असावी.

शेवटी एक विनंती करते. बांधकामाच्या वेळी पुरुष माणसे कामावर असतात. गवंड्याबरोबर दिवसभर घरी आपणच असतो, आणि पाणी मारायचे कामही आपल्याकडेच येते. मग डोळे उघडे ठेवून ते काम का पाहू नये? आपल्या मंडळाने यंदा एवढेच करावे. दोघी-दोघींनी मिळून एकेका आळीतील घरे पाहावीत. कुठे पट्टा तोडला आहे, कुठे भिंतीचे पोट फुगले आहे, कुठे शाळेच्या खोलीला भेग आहे, ते वहीत लिहून काढावे आणि ग्रामपंचायतीपुढे ठेवावे. सासूबाईंची गाठी मारलेली दोरी माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. ती मी मंडळाला देते. वहीतले पहिले घर माझे लिहा. तिथे काय चुकले होते आणि काय दुरुस्त केले, दोन्ही लिहा.